दिवेलागणीचा स्क्रू

परभणीकडच्या आमच्या गावात लाईटचा भरवसा नाही. एकदा डीपी जळाली की दोन-दोन दिवस अंधार. त्यात रात्री ओसरीवरून न्हाणीकडे जायचं म्हणजे विंचवाची धास्ती. तेव्हा अंधार पडला की आपोआप लागेल असा दिवा ओसरीच्या खांबावर करायला घेतला.

सामान किरकोळ. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (विजेवर चालणारं इवलंसं स्विच), पांढरा एलईडी, त्याच्या जोडीला ४७० ओहमचा रेझिस्टर, १०० किलो-ओहमचा प्रीसेट (स्क्रूनं कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर), ९ व्होल्टची बॅटरी. पण खरा मानकरी एलडीआर, म्हणजे उजेडाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर. तुरीच्या डाळीएवढी चकती, तिच्यावर कॅडमियम सल्फाइडची नागमोडी रेघ. उजेडात तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, हजारभर ओहमवर येतो आणि ट्रान्झिस्टरच्या बेसकडे (त्याला चालू करणाऱ्या पायाकडे) निघालेली वीज ती परस्पर पळवते. अंधारात रोध पार दहा लाखांच्या घरात चढतो, पळवाट बुजते, बेसवर ०.६ व्होल्टच्या वर दाब येतो आणि एलईडी लागतो.

पथ्य एकच. दिव्याचा उजेड त्याच्याच एलडीआरवर पडू द्यायचा नाही. नाहीतर तो स्वतःच्या उजेडालाच दिवस समजतो. धड लागत नाही, धड विझत नाही. पेनाच्या काळ्या टोपणाचा तुकडा वर चढवायचा आणि तोंड अंगणाकडे करायचं.

हे तासाभराचं काम. पंचाईत झाली ती प्रीसेटची. त्याचा इवलासा स्क्रू फिरवला की दिवा लागायची वेळ अलीकडे-पलीकडे सरकते, आणि संध्याकाळ नेमकी कधी होते यावर आमच्या घरात एकमत नाही. आजीला गाई दारात आल्या की दिवा हवा. आईला ज्वारीतले खडे दिसेनासे झाले की. अण्णांच्या मते समोरच्याचं तोंड ओळखू येतंय तोवर उजेडच, बॅटरी फुकट कामून जाळायची? (हिशेब बरोबर आहे. ही बॅटरी थोड्याच रात्रींत बसते.)

आजीपुढं कुणाचं चाललंय! स्क्रू तिच्या बाजूनं फिरला. आता श्रावणात आभाळ दाटलं की दुपारी चारलाच दिवा लागतो, आजी लगेच हात जोडते आणि अण्णा खांबाभोवती फिरून विचारतात, "अन् ह्याला बटन कुठंय?"

बटनच लावायचं असतं तर एलडीआर कशाला आणला असता, हे त्यांना सांगतोय. पटत नाही.