मेगाब्लॉकची सूचना वाचताना

मुंबईच्या लोकलचे रूळ दुरुस्तीसाठी रविवारी काही तास बंद ठेवतात, तो मेगाब्लॉक. शनिवारच्या पेपरात त्याची नेहमीची चौकट येते: ‘माटुंगा ते मुलुंड, अप आणि डाऊन धीमा मार्ग, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.४५’. बहुतेक जण त्यातली वेळ तेवढी लक्षात ठेवतात. कामाची गोष्ट खालच्या बारीक ओळीत असते. धीम्या, म्हणजे प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या, गाड्या जलद मार्गावर वळवल्या जातील आणि शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड इथे थांबतील. या यादीत विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर नाहीत, कारण तिथे जलद मार्गाला फलाटच नाही. गाडी रद्द नसते, ती धावत असते, पण या तीन स्टेशनांवरून सरळ पुढे जाते. म्हणून सूचना वाचायची ती आपल्या स्टेशनाचं नाव शोधत. माझ्या मते न थांबण्याची स्टेशनं मथळ्यातच ठळक छापायला हवीत. नातवंडांना घेऊन निघालेल्या आजीला धीमा आणि जलद मार्ग कुठला हे पाठ असावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

अप म्हणजे सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) किंवा चर्चगेटच्या दिशेने, डाऊन म्हणजे तिथून बाहेर, एवढं पक्कं ठेवलं की अर्धी सूचना समजते. फक्त डाऊन मार्ग बंद असेल तर कांजूरमार्गला जायची सोपी वाट आहे. भांडुपपर्यंत पुढे जायचं आणि तिथून अप धीमी पकडून एक स्टेशन मागे यायचं. तिकीट मात्र भांडुपपर्यंतचं काढा. दोन्ही दिशा बंद असतील तर विक्रोळी किंवा भांडुपला उतरून बस नाहीतर रिक्षा. विद्याविहारसाठी घाटकोपर बरं, नाहूरसाठी मुलुंड किंवा भांडुप.

दुसरी फसगत वेळेची. ११.०५ ही त्या पट्ट्याची वेळ आहे, तुमच्या स्टेशनाची नव्हे. सीएसएमटीहून माटुंग्याला धीम्या गाडीने वीसेक मिनिटं लागतात, म्हणजे पावणेअकराच्या सुमारास सुटणारी गाडीच वळवलेली निघते. कल्याणहून येणाऱ्यांनी तर साडेदहाच्या आसपासच सावध व्हायचं. साडेबाराचा मुहूर्त असेल तर ब्लॉकच्या आधीची गाडी धरावी आणि कार्यालयात तासभर आधी पोचून बसावं. ब्लॉकमध्ये सापडलेली गाडी पंधरा-वीस मिनिटं सहज उशिरा धावते, कारण चार रुळांची वाहतूक दोन किंवा तीन रुळांवर आलेली असते.

पश्चिम रेल्वेवर याला जम्बो ब्लॉक म्हणतात, साधारण सकाळी १० ते दुपारी ३. चर्चगेट–माहीम पट्ट्यात धीम्या गाड्या जलद मार्गावर गेल्या की महालक्ष्मी, प्रभादेवी, माटुंगा रोड वगळली जातात, आणि लोअर परळ व माहीमला गाडी दोनदा थांबते. तिथला जलद फलाट आखूड पडतो. आधी पुढचे डबे फलाटाला लागतात, मग गाडी सरकते आणि मागचे डबे लागतात. मागच्या डब्यातल्या माणसांना वाटतं की गाडी सिग्नलला अडकली, आणि काही जण खडीवर उड्या मारतात. कृपा करून मारू नका. शेजारच्या रुळावरून गाडी येत असते. दाराबाहेर फलाट दिसेपर्यंत थांबा, गाडी पुन्हा थांबणारच असते. पश्चिमेवर कधीकधी शनिवारी रात्री ब्लॉक होतो, तेव्हा ‘रविवारी दिवसा ब्लॉक नाही’ ही ओळही शोधा.

हार्बर, म्हणजे सीएसएमटीहून कुर्ला-वाशीवरून पनवेलला जाणारा मार्ग, बंद असेल तेव्हा पर्याय सूचनेतच दिलेले असतात. कुर्ल्यापुढे सीएसएमटीकडचा भाग बंद असेल तर पनवेल–कुर्ला विशेष गाड्या सुटतात, आणि हार्बरच्या प्रवाशांना सकाळी १० ते संध्याकाळी ६ पर्यंत मुख्य व पश्चिम मार्गाने जायची मुभा असते. वाशीच्या पलीकडे काम असेल तर ठाणे–वाशी ट्रान्सहार्बर उपयोगी पडते. घाटकोपर–अंधेरी–वर्सोवा मेट्रो तर मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेंना जोडते, ती अशा दिवशी विसरू नये.

एवढं सगळं भर दुपारी का, हा प्रश्न रास्त आहे. रात्री शेवटची गाडी गेल्यापासून पहाटेची पहिली निघेपर्यंत जेमतेम तीन तास मिळतात. त्यातला बराच वेळ तयारीत जातो. ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात. वीजपुरवठा बंद झाला तरी दोन्ही टोकांना वायर अर्थिंगच्या दांड्यांनी जमिनीशी जोडल्याशिवाय टॉवर वॅगनवर, म्हणजे वायर दुरुस्त करायच्या गाडीवर, कुणी चढत नाही. मग खडी ठोकणारं मशीन आणायचं, गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे पॉइंट बदलायचे, रुळांचे सांधे वेल्ड करायचे, आणि सगळं आवरून यंत्रं परत न्यायची. मोठ्या कामांना रविवारही पुरत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे–दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी ७२ तासांचा ब्लॉक झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सीएसएमटीजवळचा कर्नाक पूल पाडायला २७ तास लागले. २०२४ मध्ये मे संपता संपता ठाण्याच्या ५ आणि ६ क्रमांकाच्या फलाटांच्या रुंदीकरणासाठी ६३ तास घेतले.

३.४५ झाले की लगेच सगळं सुरळीत होत नाही. अडकलेल्या गाड्या एकामागोमाग येतात, पहिलीला तुडुंब गर्दी आणि मागची निम्मी रिकामी, म्हणून पहिली सोडलेली बरी. काम झालेल्या पट्ट्यात मोटरमनला वेग कमी ठेवण्याची कॉशन ऑर्डर दिलेली असते. नवी ठोकलेली खडी गाड्यांच्या वजनाखाली बसत जाते, आणि ती पुरती बसेपर्यंत गाडी तिथून हळूच नेतात.