संमतीपत्रावर अडलेली पीएचडी

पोटाच्या जुन्या ऑपरेशननंतर आतडी आतल्या आत चिकटतात आणि कधीतरी रस्ता बंद पडतो. तो चाकू न लावता मोकळा करण्यात गॅस्ट्रोग्राफिन (एक्स-रेत दिसणारं, पोटात सोडायचं औषध) किती कामी येतं, हा माझा पीएचडीचा विषय. गाईड, सिनॉप्सिस वगैरे सुरळीत पार पडलं. नाकी नऊ आणले ते एथिक्स कमिटीने.

प्रश्न एकच: कळवळणारा, नाकातून पोटात राइल्स ट्यूब (पोट रिकामं करायची नळी) घातलेला पेशंट मध्यरात्री समजून-उमजून सही कशी करणार? प्रश्न रास्त आहे. चीड येते ती उपायाची. दर वेळी माहितीपत्रकात आणखी एक परिच्छेद घाला, म्हणजे जो दोन ओळी वाचू शकत नाही त्याच्या हातात पोथी!

तोड प्रोटोकॉलमध्येच होती. ट्यूब घातल्यावर किमान २ तास पोट रिकामं करावंच लागतं. भरल्या पोटात १०० मिली औषध सोडलं तर उलटी होते, आणि ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. त्या २ तासांत सलाइन आणि वेदनाशामक लागू पडतात, पेशंट बोलण्याच्या स्थितीत येतो. संमती तेव्हा घ्यायची. तोवरची रक्ततपासणी, सीटी सगळं नेहमीच्या उपचारातलंच. पेशंटसाठी मोठ्या अक्षरातलं एक पान, सविस्तर पत्रक नातेवाइकांसाठी वेगळं. हे वेळापत्रक आकृती काढून जोडलं, तेव्हा फाइल हलली.

सोबत ‘कोणाला घेणार नाही’ हे पान आधीच द्या, म्हणजे पुढची शंका निघणार नाही. पोट लाकडासारखं कडक, रक्तातलं लॅक्टेट (ऊतींना रक्त कमी पडल्याची खूण) चढतं, सीटीत दोन्ही टोकांनी बंद झालेला वेटोळा किंवा रक्तपुरवठा कमी झालेली आतड्याची भिंत दिसते, असा पेशंट थेट थिएटरमध्ये. वयस्कर, शरीरातलं पाणी आटलेला असेल तर आधी सलाइन. गॅस्ट्रोग्राफिन आतड्यात पाणी ओढून घेतं.

शून्य तास म्हणजे औषध ट्यूबमधून गेलं ती वेळ, भरती झाल्याची नव्हे. एक्स-रे ८ तासांनी, औषध मोठ्या आतड्यात पोचलं नसेल तर पुन्हा २४ तासांनी. वेळ फिल्मच्या कोपऱ्यातली उतरवा. केसपेपरवर बऱ्याचदा एक्स-रे सांगितल्याची वेळ असते. ‘सकाळी एक्स-रे’ अशी नोंद विश्लेषणात कुचकामी.

हो, नमुनासंख्येसाठी (अभ्यासाला किती पेशंट लागतील ते ठरवायला) जुन्या नोंदी काढणार असाल तर आजारांच्या आयसीडी-१० यादीतला नुसता के ५६.५ (चिकटलेल्या आतड्यांचा अडथळा) हा कोड शोधू नका. ऑपरेशनविना बरे झालेले बरेच पेशंट के ५६.६ (आतड्याचा इतर किंवा कारण न नोंदलेला अडथळा) मध्ये दडलेले असतात. मुख्य निष्पत्ती, म्हणजे ज्यावरून औषधाचा उपयोग मोजायचा ती गोष्ट, ‘ऑपरेशन लागलं की नाही’ हीच ठेवा. मृत्यू धरला तर ते थोडेच असल्याने नमुना आवाक्याबाहेर जातो.

आणि मंजुरीचं पत्र मिळालं की लगेच चाचणीची नोंदणी करून टाका. पहिला पेशंट घेतल्यानंतर केलेली नोंदणी चांगली नियतकालिकं सहसा मान्य करत नाहीत.