तुम्ही विचारलंत म्हणून: भारी कोटिंगचं इम्प्लांट घेतलं तर दात लगेच बसेल का?

"डॉक्टर, ते महागातलं कोटिंगवालं टाका ना, म्हणजे थांबायला नको" हे मला इतक्या पेशंटनी विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकते.

इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू, त्याच्यावर नंतर दात लागतो. तो बसवला त्या दिवशी जी पकड असते ती फक्त स्क्रूच्या आट्यांची असते, हाड अजून त्याला चिकटलेलं नसतं. मग शरीर आट्यांनी दाबलं गेलेलं जुनं हाड काढायला लागतं आणि तिथे नवं भरतं, आणि या अदलाबदलीत साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुनी पकड कमी झालेली असते, नवी पुरती आलेली नसते. नेमकं तेव्हाच पेशंटला एकदम बरं वाटत असतं, सूज नाही, दुखत नाही, आणि मग चिक्की खाल्ली जाते. मला सगळ्यात जास्त काळजी याच दिवसांची असते. इम्प्लांट साधारण १०० ते १५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त हलत राहिलं तर भोवती हाडाऐवजी नुसता तंतूंचा थर तयार होऊ शकतो, आणि त्याच्यावर दात टिकत नाही.

आता कोटिंग. स्वीडनमध्ये ब्रॉनमार्क या संशोधकांनी १९६५ साली पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले ते गुळगुळीत होते, आणि नियम ठरला खालच्या जबड्याला तीन महिने, वरच्याला सहा महिने थांबायचं. नंतर वाळूसारखे कण मारून आणि ॲसिडने पृष्ठभाग खडबडीत करायला लागले, म्हणजे बऱ्याचदा ज्याला तुम्ही कोटिंग म्हणता ते वरून लावलेलं काही नसतंच. अशा पृष्ठभागावर रक्ताची गुठळी छान धरून राहते, नवं हाड थेट इम्प्लांटवरच बनायला लागतं, त्यामुळे हाड चांगलं असेल तर सहा ते आठ आठवड्यांत दात लावता येतो, आणि सलाइनमध्ये ठेवलेल्या, पाणी ओढून घेणाऱ्या पृष्ठभागाचे काही इम्प्लांट तर तीन-चार आठवड्यांतही. खरंखुरं कोटिंग म्हणजे हायड्रॉक्सीॲपेटाइटचं, हाडातल्याच खनिजासारखं, हाड त्याला पटकन धरतं पण जुन्या जाड थरांमध्ये काही वेळा थरच धातूपासून सुटायचा, म्हणून मी त्याच्या मागे लागत नाही.

आणि हे सगळं दुसऱ्या, म्हणजे नव्या हाडाच्या पकडीसाठी झालं. पहिल्या दिवसाची पकड मुख्यतः तुमचं हाड, इम्प्लांटचा आकार आणि ड्रिलिंग यावर असते, वरच्या दाढांचं हाड मऊ असतं तिथे कितीही भारी पृष्ठभाग घ्या, मी थांबायलाच सांगणार. सिगरेट चालू असेल, शुगर आटोक्यात नसेल, तर अजूनच.

म्हणून मी ब्रँड बघून तारीख देत नाही, मोजून देते. बसवताना टॉर्क, म्हणजे स्क्रू फिरवायला किती जोर लागतो ते बघायचं, साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर मिळाला तर बरं, मग इम्प्लांटला छोटी पेग (खुंटी) लावून आयएसक्यू, म्हणजे इम्प्लांट किती घट्ट आहे त्याचा आकडा मोजायचा, तो १ ते १०० मध्ये येतो, ७० च्या वर असेल तर मी निर्धास्त, ६० च्या खाली असेल तर तुम्ही कितीही घाई केलीत तरी नाही. काही आठवड्यांनी परत मोजायचा, आकडा घसरलेला दिसला तर अजून थांबायचं. पुढचा दात असेल तर तात्पुरता लावून देते, पण समोरच्या दाताला अजिबात टेकणार नाही असा घासून, त्याने बोला, हसा, चावायचं मात्र दुसऱ्या बाजूने.