स्टेलर सी लायन नेमके कशाने कमी झाले?

अलास्काच्या पश्चिमेकडचे स्टेलर सी लायन (सीलसारखे मोठे समुद्री सस्तन प्राणी) १९७० च्या दशकापासून २००० पर्यंत जवळपास ८० टक्के कमी झाले, १९९७ मध्ये अमेरिकेने त्यांना 'एन्डेंजर्ड', म्हणजे नामशेष होण्याच्या धोक्यातले, ठरवलं, आणि गंमत बघा, त्याच जातीचे पूर्वेकडचे मात्र वाढत गेले नि २०१३ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेरसुद्धा पडले! मग पश्चिमेलाच काय झालं? कोणी म्हणतं ट्रॉलरवाले (मोठी जाळी ओढणाऱ्या बोटीवाले) पोलॉक मासा उपसून नेतात, कोणी म्हणतं हेरिंगसारखा चरबीवाला मासा कमी झाला आणि नुसत्या पोलॉकवर पिल्लं नीट पोसत नाहीत, ही 'जंक फूड' थिअरी. पूर्वी गोळ्या घालूनही बरेच मारले गेले.

मला सगळ्यात भारी वाटला तो पोटात बसवायचा ट्रान्समीटर. प्राणी जिवंत असेपर्यंत तो गप्प शरीराचं तापमान नोंदवत राहतो, मेल्यावर बाहेर पडला की सॅटेलाइटला डेटा पाठवतो, आणि तापमान एकदम धाडकन पडलेलं दिसलं की समजायचं, कोणीतरी फाडून खाल्लंय. सापडलेले बहुतेक मृत्यू असेच निघाले, म्हणजे ऑर्का (किलर व्हेल) किंवा शार्कवर संशय. पण म्हणून मासेमारी दोषातून सुटली असं मला तरी वाटत नाही, उपाशी पिल्लू जास्त वेळ समुद्रात भटकणार, मग शिकाऱ्याच्या तोंडी जाणारच की.