भेरूघाट, आईला शेजारी बसवून

रविवार, रात्रीचे साडेदहा

आई झोपली. माझ्या पायांत मात्र अजून क्लच आणि ब्रेक चालू आहेत. झोप लागायच्या आत आजचा घाट लिहून ठेवते.

मामाला बघायला खंडव्याला जायचं होतं. इंदूरहून साधारण 130 किलोमीटर. त्यात घाट थोडाच, पण लक्षात राहतो तो तेवढाच. चौपदरी रस्त्यासाठी डोंगरातून बोगदे काढलेत, म्हणून मी ठरवलं होतं की या वेळी जुन्याच वाटेनं, भेरूघाटातून जायचं. "मला काय, गाडी तुला चालवायची आहे," आई म्हणाली. पण पोहे खाऊन आठच्या आत चपला घालून दारात उभी.

सिमरोलपर्यंत सोयाबीनची सपाट शेतं. मग एकाएकी माळवा संपतो. खरंच संपतो, पायरीसारखा. या पायरीच्या अलीकडे पडलेला पाऊस खान, क्षिप्रा, चंबळ असा यमुनेला जाऊन मिळतो आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतो. पलीकडचा पाऊस चोरल नदीतून नर्मदेला, आणि भडोचपाशी अरबी समुद्राला. दोन समुद्रांच्या मधला हा बांध आपण गाडीतून बोलता बोलता ओलांडतो. मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आणि तीच नर्मदा परत डोंगर चढून आपल्या नळाला येते." खरं आहे. जलूदहून पंपांनी विंध्य चढवून आणलेलं पाणी आम्ही जन्मभर प्यायलो.

भेरूबाबाच्या देवळापाशी थांबलो. दोन ट्रकवाले नारळ फोडत होते. आईनंही हात जोडले.

पुढे उतार. बाबांनी शिकवलं होतं, ज्या गियरात घाट चढशील त्याच गियरात उतर. सगळा भार ब्रेकवर टाकला की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. दुसरा गियर, वळणाआधी हॉर्न, चढत्या गाडीला आधी वाट. एका भरलेल्या ट्रकमागे बराच वेळ राहिले. त्याच्या ब्रेकचा जळका वास काचेतून आत येत होता, म्हणून अंतर वाढवत गेले. घाई नव्हतीच. दोन्ही बाजूंना साग फुलावर आलेला, त्याचे पांढरट तुरे, काळ्या कातळावरून झिरपणारं पाणी, कठड्यावर माकडांची रांग. आई एकेका वळणाला "हळू" म्हणत होती. मी हळूच होते.

मग ती आगगाडीबद्दल बोलायला लागली. रेल्वेचा घाट या रस्त्यावरून दिसत नाही, तो पश्चिमेला, पातालपाणी आणि कालाकुंडच्या मधे. ही छोटी लाइन दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या कर्जातून झाली: 1 कोटी रुपये, 101 वर्षांची मुदत, साडेचार टक्के व्याज. इंदूरच्या मराठी घरांत हे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. पण आईला आठवत होतं ते वेगळंच. 1974 साली लग्न होऊन ती खंडव्याहून याच गाडीनं आली. कालाकुंडला गाडी बराच वेळ थांबली. पुढे चाळीस फुटांना एक फूट असा चढ, म्हणून मागून दुसरं इंजिन जोडायचे. तेवढ्या वेळात बाबांनी पळसाच्या पानात कलाकंद आणून दिला. "सगळे बघत होते, मला खाववेना. पान तसंच मुठीत धरून बसले. आणि मग मागून धक्का बसला." पन्नास वर्षांत हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

चोरल, बलवाडा, बडवाह. हवा जड होत गेली. इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, आणि मोरटक्क्याच्या पुलाखाली नर्मदा दोनशेच्याही खाली. कानाला आणि मानेवरच्या घामाला ते कळतं. पुलावर आईनं एक रुपया पाण्यात टाकला. सनावदपुढे कापूस.

मामा बरा आहे. ओळखलं त्यानं. आईचा हात हातात घेऊन बसला होता, दोघंही फारसं बोलले नाहीत. जेवून चारला निघालो.

परतताना घाटाच्या तोंडाशी अंधारलं. चढाला गाडी दुसऱ्यात, एका वळणावर तर पहिल्यात टाकावी लागली. खालच्या वळणांवरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे झाडांतून वर सरकत होते. मला वाटलं आई डुलकी घेतेय.

"तेव्हा मागून इंजिन ढकलत होतं," ती मधेच म्हणाली. "आज तू एकटीनं चढवलंस."

मला उत्तर सुचलं नाही. रस्त्यावरून नजर काढता येत नव्हती, तेच बरं झालं.

सिमरोलच्या अलीकडे ती गार झुळूक आली, आपली, माळव्याची. आईनं काच पूर्ण खाली केली आणि पदर डोक्यावरून घेतला. घर येईपर्यंत तसाच होता.