आमची वाटचाल : पाट्यांच्या दुकानापासून चार काट्यांपर्यंत

१९८६ साली आबांनी धुळ्यात मुंबई-आग्रा रोडला पाट्यांचं, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचं, दुकान टाकलं. एक भट्टी, एक ऐरण, दोन घण आणि पत्र्याचं शेड, बस. शिरपूर-सेंधव्याकडून बिजासन घाट उतरून आलेले ट्रक, कापसाने फुगलेले, कांद्याने भरलेले, मोडलेला पाटा घेऊन आमच्या दारात उभे रहायचे, आणि ड्रायव्हर रात्री दोन वाजताही आबांना उठवायचा. आबा उठायचे, चूळ भरायचे आणि गाडीखाली वाकायच्या आधी एकच विचारायचे, "माल कितला शे?" मला लहानपणी वाटायचं पाटा मोडलाय ना मग पाटा बघा, माल कशाला विचारता. पण आबांचं म्हणणं, पाटा उगाच मोडत नाही, वजन मोडतं. ड्रायव्हरने सांगितलेला आकडा पटला नाही तर ते गाडी सरळ भुईकाट्यावर (अख्खा ट्रक तोलायच्या काट्यावर) पाठवायचे आणि पावती बघूनच किती पाटे घालायचे ते ठरवायचे.

आज आमच्याकडे स्पोर्ट्स कार येतात, नाशिक, इंदूर, सुरतवरून येतात, तरी पहिला प्रश्न तोच आहे. ही सगळी वाटचाल म्हणजे आबांचा तो प्रश्न मला नीट कळायला लागलेली वर्षं आहेत असं मला मनापासून वाटतं.

मी डिप्लोमा करून आलो आणि २००४ मधे कर्ज काढून चाकांच्या कॉम्प्युटर अलाइनमेंटचं मशीन घेतलं. धुळ्यात तेव्हा गाड्या वाढत होत्या, काम मिळायला लागलं, हप्ते फिटले, त्या दिवसांबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. खरी गोष्ट सुरू झाली ती भाच्याच्या मारुती झेनपासून.

भाच्याला ऑटोक्रॉसचं, म्हणजे मोकळ्या जागेत उभ्या केलेल्या कोनांमधून (शंकूंमधून) नागमोडी गाडी पळवून वेळ लावायच्या शर्यतीचं वेड. जुनी झेन घेतलेली, एक लिटरचं अॅल्युमिनियमचं इंजिन, साधारण साडेसातशे किलो वजन आणि रुंदी फक्त १४९५ मिलिमीटर. मामा गाडी रुंद करून द्या, वळणावर कलते, म्हणाला. मला पण पटलं, रुंद गाडी जमिनीला धरून बसते हे तर बैलगाडीवाल्यालाही माहीत, कडब्याची उंच गाडी अरुंद असली की बांधावरून कलंडते. म्हणून आम्ही प्रत्येक चाकामागे २० मिलिमीटरचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या) टाकले, १४५ मिलिमीटर रुंदीचे टायर काढून १८५ चे घातले, चौदा इंची अलॉय व्हील लावले, फेंडरच्या कडा आतून ठोकून बसवल्या. गाडी दिसायला एकदम भारी झाली, गल्लीतली पोरं फोटो काढायला यायची.

ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या पडीक रानात कोन लावून आम्ही वेळ घेतला. आधी ५८ सेकंद लागायचे, आता ६१. परत घेतला, परत ६१. भाचा काही बोलला नाही, हेल्मेट काढून बोनेटवर ठेवलं आणि नुसता बसून राहिला. दोन महिन्यात पुढच्या चाकांचे बेअरिंग घुंगुं करायला लागले. चूक माझीच होती, त्याचे पैसे मी घेतले नाहीत, पण ती चूक का झाली हे समजून घ्यायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

पहिलं म्हणजे नवीन चाक-टायर मिळून एकेका चाकाला चार किलो वजन वाढलं होतं, आणि चाकाचं वजन हे साधं वजन नाही, ते स्प्रिंगच्या खाली लटकतं, खड्ड्यात ते स्प्रिंगला ओढतं आणि टायर जमिनीवरून उडतो, शिवाय ते फिरवायला आणि थांबवायला वेगळी ताकद जाते. साठ हॉर्सपॉवरच्या गाडीला हे लगेच जाणवतं. दुसरं, स्पेसरमुळे चाक स्टिअरिंगच्या फिरण्याच्या रेषेपासून लांब गेलं, त्यामुळे प्रत्येक धक्का हातात यायला लागला आणि बेअरिंगवर तिरका जोर पडला. तिसरी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती, ती म्हणजे कोनांमधून जाताना रुंद गाडीला जास्त आडवं फिरावं लागतं. हिशोब करून बघा, दीड मीटर रुंद गाडी कोनापासून पाव मीटर सोडून जात असेल तर गाडीचा मध्य कोनाच्या दोन्ही बाजूला एकेक मीटर सरकतो. गाडी १.८५ मीटर रुंद असली तर तोच ११७.५ सेंटिमीटर सरकतो. त्याच वेगाने जायचं तर टायरला साडेसतरा टक्के जास्त पकड लागते, पकड तेवढीच असेल तर वेग आठ टक्के कमी करावा लागतो. रस्ता तोच आणि गाडी रुंद, म्हणजे तुमच्या वाट्याचा रस्ता कमी. आपल्याकडे गाडरस्त्याला चाकोरी असते, त्यात न बसणारी बैलगाडी कोणी बनवत नव्हतं ते याच्यासाठीच.

मग रुंदी वाईट का? अजिबात नाही, आणि इथे मला नीट सांगायचंय कारण बरेच लोक एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जातात. समजा १००० किलोची गाडी आहे, तिच्या वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर आहे आणि वळणावर ०.८ जी चा, म्हणजे गाडीच्या वजनाच्या ०.८ पट, आडवा जोर आहे. डाव्या-उजव्या चाकांमधे १.३ मीटर अंतर असेल तर आतल्या चाकांवरून सुमारे ३०८ किलो बाहेरच्या चाकांवर सरकतात. अंतर १.५ मीटर केलं तर २६७. टायरचा स्वभाव असा की त्याच्यावर दुप्पट वजन टाकलं म्हणून दुप्पट पकड मिळत नाही, कमीच मिळते, म्हणजे एका बाजूला जितकं जास्त सरकेल तितकी चारही चाकांची मिळून पकड घटते. म्हणून रेसगाड्या बुटक्या आणि रुंद असतात. पण आता तीच पहिली गाडी, अंतर १.३ च, फक्त वजन १५० किलोने कमी करा. सरकणारं वजन २६२ किलो. वीस सेंटिमीटर रुंदी वाढवून जे मिळालं जवळपास तेच! प्रमाणात बघितलं तर सरकणारा वाटा तेवढाच राहतो हे खरं, रुंदीचं काही काम रुंदीच करते, पण हलकी गाडी त्याच टायरवर कमी ओझं टाकते, लवकर थांबते, लवकर पळते, आणि कोनांमधली जागाही खात नाही.

म्हणून आम्ही झेन परत जुन्या टायरवर आणली आणि वजनाच्या मागे लागलो. मागचं सीट, स्टेपनी, डिकीतला स्पीकरचा मोठा डबा, आवाज दाबायचे डांबराचे पॅड, जे निघालं ते काढलं. मग आबा म्हणाले, "पहिले काटावर घे, मंग बोल." भुईकाट्यावर एकूण वजन कळतं, कोणत्या चाकावर किती हे कळत नाही, म्हणून मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्या कांदा व्यापाऱ्याकडून चार प्लॅटफॉर्म काटे रविवारपुरते मागून आणले. शेडमधली फरशी पाणी टाकून लेव्हल बघितली, काट्यांखाली प्लायवूडचे तुकडे सरकवले, भाच्याला हेल्मेटसकट सीटवर बसवलं आणि गाडी हळूच चढवली. पुढे डावं २२६, पुढे उजवं २५४, मागे डावं १४६, मागे उजवं १३४. एकूण ७६० किलो, ड्रायव्हर धरून.

आबा चष्मा वर करून बराच वेळ ते आकडे बघत होते. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ४००, दुसरी तिरकी जोडी ३६०. म्हणजे गाडी एक पाय आखूड असलेल्या पलंगासारखी डुगडुगत होती, म्हणूनच भाचा म्हणायचा की डावीकडे वळते तशी उजवीकडे वळत नाही. आबांनी लेथवर चकत्या काढल्या, स्प्रिंगखाली टाकल्या, परत काट्यावर घेतली, परत काढली, संध्याकाळ होईपर्यंत दोन्ही जोड्या ३८० वर एका किलोच्या फरकात आल्या. पुढच्या रविवारी रानात वेळ आला ५५ सेकंद. त्याच आठवड्यात आम्ही स्वतःचे चार काटे घेतले.

तिथून नाव झालं. मोठ्या गाड्या यायला लागल्या तसा मी जुन्या गाड्यांबद्दल पण वाचायला लागलो आणि बघतो तर जगात हा रुंद की हलकी असा वाद आधीपासूनच चालू आहे. लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९५७ मधे सेव्हन नावाची गाडी आणली ती जेमतेम पाचशे किलोची. लोटसचीच १९९६ ची एलिस, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवून केलेली चासी, सव्वासातशे किलो आणि इंजिन फक्त १२० हॉर्सपॉवरच्या आसपास, तरी वळणावर भल्याभल्यांना मागे टाकायची. दुसरीकडे पोर्शे ९११ बघा, सुरुवातीची १६१० मिलिमीटर रुंद, आताची ९११ कॅरेरा १८५२. टायर १६५ वरून मागे २९५ वर गेले, अपघातात माणूस वाचावा म्हणून दारं जाड झाली, वजन दीड हजार किलोच्या पुढे गेलं. गाडी वेगवान झालीच, पण रस्ते तेवढेच राहिले. फॉर्म्युला वनने सुद्धा २०१७ मधे गाड्या दोन मीटर रुंद केल्या होत्या आणि २०२६ च्या नियमात रुंदी कमी करून १९०० मिलिमीटर केली आणि वजनही सुमारे ३० किलोने खाली आणलं. हे वाचल्यावर मला आमच्या ६१ सेकंदांचं वाईट वाटणं बरंच कमी झालं.

दोन वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात दोन गाड्या आल्या. एक मोठी अमेरिकन, १.९ मीटरच्या वर रुंद आणि साडेसतराशे किलोच्या आसपास. दुसरी पोर्शे केमन, १८०१ मिलिमीटर, साडेतेराशेच्या आतबाहेर, इंजिन मधोमध. अमेरिकन गाडीवाले दादा म्हणाले, भाऊ घाट उतरताना ब्रेक सुटल्यासारखे होतात, आणि जाताजाता स्पेसर पण टाकून द्या. ब्रेक काढून बघितले, काही खराब नव्हतं, नुसते तापून पॅड चकाकले होते. ताशी शंभरवरून थांबताना तिच्या ब्रेकला केमनपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त उष्णता गिळावी लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४४ अंशाची. पॅड आणि ब्रेक ऑइल चांगल्या दर्जाचं टाकलं, घाट गिअरवर उतरायला सांगितलं. स्पेसरला मात्र मी नाही म्हटलं. ते नाराज झाले. मी त्यांना म्हटलं दादा, आपल्या गावरस्त्याची डांबरी पट्टी पावणेचार मीटरची, तुमच्यासारख्या दोन गाड्या समोरासमोर आल्या तर आत्ताच दोघांची चाकं साइडपट्टीवर उतरतात, अजून कुठे रुंद करता. ते काम गेलं, पण मला त्याचं दुःख नाही.

केमन मी स्वतः चालवून बघितली. कावड खांद्यावर घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावर वळायचा प्रयत्न करा, दोन्ही टोकाचे हंडे तुम्हाला वळू देत नाहीत आणि वळलात की थांबू देत नाहीत. तोच भार डोक्यावर घेतला तर माणूस जागेवर फिरतो. केमनचं इंजिन डोक्यावरच्या हंड्यासारखं मधे आहे. म्हणजे वजन किती याच्याइतकंच कुठे हे महत्वाचं, आणि तेव्हापासून आम्ही बॅटरी, स्टेपनी, जॅक हे सगळं कुठे ठेवलंय ते पण गाडीच्या वजनाच्या कार्डावर लिहून देतो.

हल्ली डिसेंबर-जानेवारीत इंजिनीअरिंगची पोरं येतात. पिथमपूरच्या बाहा स्पर्धेला आपल्या हाताने केलेली बग्गी टेम्पोत घालून निघालेली, धुळे रस्त्यातच. त्यांच्याकडून आम्ही पैसे घेत नाही. नियमात बग्गीची रुंदी १६२ सेंटिमीटरपर्यंतच चालते म्हणून ती त्यांनी मोजलेली असते, वजन मात्र अंदाजेच. मागच्या थंडीत एक बग्गी रात्री अकराला आली, पोरं म्हणाली १७० किलो असेल. चार काट्यांवर १९३ निघाली. पोरांचे चेहरे पडले. आबा आता ऐंशीच्या घरात आहेत, शाल गुंडाळून बसले होते, ते उठले, बग्गीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या जाड पत्र्याच्या ब्रॅकेटवर बोट ठेवलं, "हाई कसाले शे?" पोरांना सांगता येईना. ड्रिल मशीन काढलं. पहाटे चारला बग्गी टेम्पोत चढली तेव्हा काट्यावर १८४ होती आणि शेडच्या कोपऱ्यात चकत्यांचा, कापलेल्या पत्र्याचा एक ढीग पडला होता, तो आबांनी सकाळी स्वतः तोलून कार्डावर लिहिला.