सिसप्लॅटिन, बाबांची किडनी आणि बाबांचे कान

बाबांच्या घशाच्या कॅन्सरवर रेडिएशनसोबत केमो द्यायचं ठरलं. औषधाचं नाव सिसप्लॅटिन. आईचा पहिला प्रश्न, "केस जातील का हो?" डॉक्टर म्हणाले, "या औषधाने केस फारसे जात नाहीत. मला काळजी आहे ती किडनीची आणि कानांची." कॅन्सरच्या औषधाचा कानांशी काय संबंध, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. मग परळला जायचो तेव्हा दर खेपेला थोडं थोडं विचारत गेलो. ते कळत गेलं म्हणूनच पुढचे दिवस आम्हाला झेपले.

सिसप्लॅटिनमध्ये खरंच प्लॅटिनम असतं. अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते तपासत होते. जिवाणू लांबच लांब वाढले, पण विभागेनात. ही करामत विजेची नव्हती. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडपासून तयार झालेल्या संयुगांची होती. हे निरीक्षण १९६५ साली प्रसिद्ध झालं आणि १९७८ मध्ये तिथे औषधाला मंजुरी मिळाली.

पेशीत शिरलेलं प्लॅटिनम डीएनएवरच्या, बहुतेक वेळा शेजारशेजारच्या, दोन ग्वानिनना (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) घट्ट धरून बसतं. त्या जागी डीएनए वाकतो. रूळ वाकल्यावर लोकल जशी पुढे सरकत नाही, तशी डीएनएची नक्कल काढणारी यंत्रणा तिथे अडते. पेशी दुरुस्ती करू पाहते, नाही जमलं तर मरते. रेडिएशनही डीएनएच तोडतं आणि सिसप्लॅटिन त्या दुरुस्तीत खोडा घालतं, म्हणून दोन्ही बरोबर देतात.

पण कॅन्सरची पेशी कुठली आणि आपली कुठली, हे औषधाला कळत नाही. भराभर विभागणाऱ्या सगळ्याच पेशी त्याच्या तावडीत सापडतात. रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा सापडली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरतात. आम्हाला बजावलं होतं, ताप १००.४ फॅरनहाइटला गेला की घरी क्रोसिन देऊन वाट बघत बसायचं नाही, रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी गाठायची. तोंड सोलवटलं ते रेडिएशन आणि केमो दोन्हींमुळे. मीठ-सोड्याच्या गुळण्या आणि गार केलेली मऊ पेज, यावर बाबांनी दिवस काढले.

किडनी आणि कानांच्या पेशी मात्र अशा भराभर विभागत नाहीत. तरी त्यांना फटका बसतो. कानांचं पुढे सांगतो; किडनीला बसतो कारण तिच्या नलिकांमधल्या पेशी हे औषध रक्तातून आत ओढून घेतात आणि ते तिथे साठतं. म्हणून औषधाआधी आणि नंतर सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या, त्यात मॅग्नेशियम, कारण ते लघवीवाटे निघून जातं आणि पायात गोळे येतात. सिस्टरनी मापाचं भांडं दिलं होतं. आई दर वेळची लघवी मोजून आकडा कालनिर्णयच्या पानावर, तारखेच्या चौकोनात लिहायची. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट चांगला आला की तोच चौकोन बाबांना दाखवायची. दुखण्यावर आपल्या मनाने ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही, हेही तेव्हाच कळलं. त्याने किडनीवर आणखी ताण येतो.

उलटीची खरी परीक्षा औषधाच्या दिवशी नसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मळमळ पुन्हा उसळते. म्हणून गोळ्या पुढचे काही दिवस सांगितल्याप्रमाणे घ्यायच्या, बरं वाटतंय म्हणून सोडायच्या नाहीत. त्यातल्या रात्रीच्या ओलान्झापिनच्या गोळीने बाबांना झोपही लागायची.

दर आठवड्याला थोडं थोडं द्यायचं की तीन आठवड्यांनी मोठा डोस, हे मी मुद्दाम विचारलं. आमच्या मुंबईतच, टाटा मेमोरियलमध्ये, ३०० रुग्णांवर याची तुलना झाली आहे. २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी त्या जागेवरचा आजार आटोक्यात राहण्याचं प्रमाण आठवड्याच्या ३० मिलिग्रॅम डोसने ५८.५ टक्के, तर तीन आठवड्यांच्या १०० मिलिग्रॅम डोसने ७३.१ टक्के होतं. हे डोस शरीराच्या दर चौरस मीटरमागे मोजतात. मोठ्या डोसचा त्रासही जास्त होता. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोठाच द्या."

मग कान. बाबा वारकरी, हातात कायम टाळ. एका एकादशीला भजनातून उठून आले आणि म्हणाले, "टाळ बोदा लागतोय रे." टाळ तोच होता. सिसप्लॅटिन आतल्या कानाच्या केसपेशींना मारतं, तेही आधी उंच स्वर टिपणाऱ्या पेशींना, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, तेच दिसलं. उंच स्वरांना बाबांचं बोट बटणावर नुसतंच ठेवलेलं, दाबलं जाईना. पहिल्या डोसआधीचा ऑडिओग्राम फाइलला होता म्हणून फरक किती पडला ते डॉक्टरांना लगेच कळलं. पुढचा डोस त्यांनी कार्बोप्लॅटिनचा दिला. तेही प्लॅटिनमच, कान आणि किडनीला बरंच सौम्य, पण रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट जास्त उतरवतं. त्यामुळे आमचं लक्ष लघवीच्या भांड्यावरून सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या, रिपोर्टकडे वळलं, आणि बाबांचं दाढीचं ब्लेड जाऊन ट्रिमर आला.

उपचार संपल्यावरही कान तपासत राहायला सांगितलंय, कारण नुकसान नंतरही वाढू शकतं. तुमच्या घरी सिसप्लॅटिन सुरू होणार असेल तर आधीचा ऑडिओग्राम करून घ्या, आणि पेशंट "कानात शिट्टी वाजते" म्हणाला तर पुढच्या डोसची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.